आठ घोडे, एक बटण

आमच्या खाडीत इंजिनाला एकच आजार होतो. कचरा. मशीन सुरू होत नाही, कचरा. सुरू होऊन बंद पडतं, कचरा. धूर फार ओकतं, पाणी टाकत नाही, चढावर ठसकतं, सगळं कचऱ्यामुळे. (खाडीत चढ कुठून आला, असं विचारायचं नसतं. ओहोटीच्या विरुद्ध जाणं म्हणजे चढ.) निदान करायला कुणी थांबतही नाही. मासळीची टोपली घेऊन जाणारी बाई, रिक्षा वळवणारा पोरगा, बँकेत हयातीचा दाखला द्यायला निघालेले गुरुजी, जो जाईल तो मान न वळवता सांगून जातो, "कचरो इलो असतलो." तपासणी नाही, फी नाही. दुसऱ्याचं मत घ्यावं म्हटलं तर तेही तेच. आणि संतापाची गोष्ट अशी की बहुतेक वेळा ते खरं निघतं.

माझ्या मशीनला कचरा तर होताच. पण त्याखेरीज चोक आणि थ्रॉटल असे दोन स्वतंत्र विकार होते, आणि हे मान्य करायला अख्ख्या देवबागात कुणी तयार नव्हतं.

देवबाग म्हणजे मालवणच्या दक्षिणेला समुद्र आणि कर्ली खाडी यांच्यामध्ये अंग चोरून पडलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. एका दारी समुद्र, दुसऱ्या दारी खाडी. इथे निवृत्त होऊन राहायला आलेल्या माणसानं होडी घेतली नाही, तर लोक त्याच्या तब्येतीची चौकशी करतात. म्हणून मी फायबरची एक लहान होडी घेतली आणि तिच्यासाठी जुनं आउटबोर्ड. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. होडीच्या मागच्या फळीला दोन स्क्रूंनी आवळून लटकवायचं ते इंजिन. वर डोकं, खाली लांब तंगडी, तंगडीच्या टोकाला पंखा. शिवाय होडीत बसणाऱ्याकडे तोंड केलेला एक दांडा असतो. त्याची मूठ पिळली की रेस वाढते, आणि दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते. माझं मशीन आठ हॉर्सपॉवरचं, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरचं, जपानी. कंपनीचं नाव लिहीत नाही. दोष तिचा नाही, आणि झाकणावरची अक्षरं उन्हानं इतकी उडाली आहेत की उरलेल्या दोन अक्षरांवर कुठलीही कंपनी हक्क सांगू शकेल.

विकणाऱ्यानं नवं फोर-स्ट्रोक घेतलं होतं. तो म्हणाला, "मशीन एक नंबर आसा, काकानू. फक्त चोक आणि रेस तेवढी बघून घेवा." जुन्या वस्तूच्या सौद्यात 'फक्त'च्या आधीचं वाक्य विकणाऱ्याचं असतं आणि नंतरचं घेणाऱ्याचं.

आधी चोकचं सांगतो. चोकचं बटण ओढलं की बटण यायचं. नुसतं बटण. त्याच्या मागची दांडी आत जागच्या जागी, ढिम्म. पुण्याहून आलेल्या माझ्या पुतण्यानं विचारलं, "काका, हे ऑटोमॅटिक का नाही?" मी म्हटलं, "ऑटोमॅटिकच आहे. ओढलं की आपोआप हातात येतं."

पुतण्याचा दोष नाही. तो संगणकाच्या कंपनीत आहे आणि इंजेक्शनच्या मोटारीत वाढला आहे. चोक कळायला आमच्या पिढीचंच असावं लागतं. आम्ही सकाळी आठला स्कूटर तिरकी करायचो, शेजाऱ्याला धक्क्याला बोलवायचो, चोक ओढून किका मारायचो आणि घामाघूम होऊन मस्टरवर सही करायचो. गोष्ट साधी आहे. इंजिन थंड असलं की पेट्रोलची नीट वाफ होत नाही. म्हणून कार्बोरेटरच्या तोंडाशी एक चकती असते, ती आडवी केली की हवा अडते. हवा अडली की आत ओढ वाढते आणि जास्तीचं पेट्रोल खेचलं जातं. इंजिन खोकतं, धरतं, मग चकती पुन्हा उघडायची. न उघडली तर प्लग पेट्रोलनं भिजून बसतो आणि मग दोरी ओढून फक्त खांदा सुधारतो.

चोक नसेल तर खाडीत त्याला एक जुना उपाय आहे. वरचं झाकण काढायचं, कार्बोरेटरच्या तोंडावर डाव्या हाताचा तळवा दाबायचा आणि उजव्या हातानं दोरी ओढायची. उपाय रामबाण आहे. अट एवढीच की ओढणाऱ्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचणारे हवेत आणि घरचं माणूस सहनशील हवं. तळव्याला लागलेल्या पेट्रोलचा वास दोन जेवणं टिकतो. आमच्या घरी संवाद असा चालायचा:

"अहो, हात धुवून या."

"धुतलेत."

"मग परत धुवा. बांगड्याला पेट्रोल पंपाचा वास येतोय."

थ्रॉटलचं दुखणं याहून वाईट. त्याला मधला वेगच नव्हता. मूठ पिळा, पिळा, काही नाही. होडी गर्भार बाईच्या चालीनं निघालेली. आणखी थोडी पिळली की एकाएकी आठही घोडे सुटायचे, होडीचं नाक आभाळाकडे आणि मागे बसलेल्या पाहुण्याची टोपी कर्लीत. कमी करावी म्हणून मूठ उलटी फिरवली तर मूठ कमी व्हायची, इंजिन नाही. सुस्ती आणि माज, मधे काही नाही. अशी माणसं आमच्या वाडीत पुष्कळ आहेत, पण त्यांच्या भरवशावर कुणी खाडी ओलांडत नाही.

या यंत्राचा मूळपुरुष म्हणून अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या ओल एव्हिनरूड यांचं नाव घेतात. जन्म नॉर्वेचा, लहानपणी अमेरिकेत आलेले. त्यांची कथा अशी सांगतात. उकाड्याचा दिवस, तळ्याकाठी सहल, आणि बेस नावाच्या मुलीला आईस्क्रीम खावंसं वाटलं. ओल वल्हवत पलीकडे गेले, आईस्क्रीम घेतलं आणि वल्हवत परत येईपर्यंत त्याचं दूध झालं. कोकणातला कुणी असता तर म्हणाला असता, "ऱ्हवांदे, सोलकढी पी." हा गृहस्थ घरी जाऊन मोटर बनवायला बसला. 1909 साली ती बाजारात आली. दीड हॉर्सपॉवर, वजन 62 पौंड, किंमत 62 डॉलर. त्यांच्याआधी 1905 मध्येच कॅमरून वॉटरमन नावाच्या तरुणानं होडीला असंच इंजिन लटकवून पाहिलं होतं, पण त्याच्या गोष्टीत आईस्क्रीम नाही, म्हणून तो मागे पडला. 62 पौंड म्हणजे 28 किलो. माझं मशीनही जवळपास तेवढंच भरतं. शंभरावर वर्षांत घोडे दीडाचे आठ झाले, उचलणाऱ्याची कंबर मात्र जुन्याच मॉडेलची राहिली.

बेसबाईंनी पुढे ओलशी लग्न केलं, धंद्याची बाजू सांभाळली आणि जाहिरातही लिहिली. तिचा आशय असा की आता वल्ही फेकून द्या. बाई हुशार होत्या, पण त्या तळ्याकाठच्या. भरली ओहोटी, कर्लीचं मुख, पुढे उघडा समुद्र आणि मागे बंद मशीन, अशा अवस्थेत त्यांना एकदा बसवायला हवं होतं. जाहिरातीचा मजकूर बदलला असता.

पावसाळ्यात आमच्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर झाकलेल्या, मशीनं घरोघर पडव्यांत टांगलेली, माणसंही साधारण तशीच. अशा वेळी गावाला दोनच करमणुकी उरतात. भजन आणि दुसऱ्याचं उघडलेलं इंजिन. भजनाला वेळ ठरलेली असते. माझ्या पडवीत लाकडी घोडीवर मशीन चढलं आणि झाकण निघालं, तेव्हापासून चहाचं आधण उतरलंच नाही.

मेस्त्री मात्र येत नव्हता. "उद्या येतंय," एवढंच सांगायचा. आमच्याकडचा 'उद्या' हा वार नाही, आशीर्वाद आहे. देणाऱ्याला काही पडत नाही आणि घेणाऱ्याला बरं वाटतं. दरम्यान पडवीत सल्लागार मंडळ बसलेलं. गुरुजींचं म्हणणं, पेट्रोलच्या टाकीचं हवेचं बटण उघडं आहे का पाहा. शेजारच्या पोराचं म्हणणं, नळीतला रबरी फुगा उलटा बसवलाय, बाण इंजिनाकडे हवा. (दोन्ही सूचना रास्त. दोन्ही गोष्टी ठीक होत्या.) आयुष्यभर रापण ओढलेले एक आजोबा रोज काठी टेकत यायचे, मशीनकडे तुच्छतेनं बघायचे आणि माझ्यासारख्या पेन्शनराला विचारायचे, "झिला, वल्ला खय आसा?" घरात आहे म्हटलं की समाधानानं चहा प्यायचे. त्यांच्या लेखी दुरुस्ती तिथे संपत होती.

एका मुसळधार दुपारी मेस्त्री न सांगता उगवला. डोक्यावरची प्लास्टिकची खोळ काढली, बॅटरी मारून कार्बोरेटरभोवती पाहिलं आणि बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "ह्या कोणी केल्यान?"

इथून पुढे जे झालं त्याला दुरुस्ती म्हणणं बरोबर नाही. ते उत्खनन होतं. जुन्या मशीनचं बिघडलेलं फारसं काही नसतं. त्याच्यावर आधीच्या मालकांनी दाखवलेली हुशारी थराथरानं साचलेली असते, आणि प्रत्येक थर आपापल्या काळी 'एकदम फिट' म्हणून गौरवला गेलेला असतो. सगळ्यात वर लागला तंगूस काल. थ्रॉटलच्या वायरचं टोक तुटलं होतं, तिथे कुणीतरी मासे पकडायचा तंगूस बांधला होता, गाठ सुरेख. तंगूस ताणला जातो हेच त्याचं वैशिष्ट्य. मासा ओढताना ते गुणाचं असेल, इथे मूठ अर्धी फिरेपर्यंत नुसता तंगूस लांबत होता. त्याखाली सायकल ट्यूब काल. रेस कमी करायला जी स्प्रिंग हवी, तिच्या जागी ट्यूबचा कापलेला रबर अडकवला होता. तो पेट्रोल पिऊन पिऊन मऊ पडलेला, म्हणून मूठ परत आली तरी थ्रॉटलची चकती परत येत नसे. आणि सर्वांत खाली, सगळ्यात प्राचीन, एम-सील काल. चोकची दांडी जिथून बाहेर येते ते भोक झिजून मोठं झालं होतं. पाणी आत जाऊ नये म्हणून कुणा दूरदर्शी पुरुषानं ते दांडीसकट एम-सीलनं बुजवून टाकलं होतं.

सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतलं होतं, असं आमच्याकडे अभिमानानं सांगतात. 1664 साली पायाभरणी झालेला किल्ला अजून लाटा खातोय. त्याच मातीतल्या माणसानं भरलेला तो चोक. पाणी आत गेलं नव्हतं हे कबूल करायला हवं. चोकही बाहेर आला नव्हता.

मेस्त्री म्हणाला, "मशीन बरा आसा. आधीच्यांका अक्कल जास्त होती."

कार्बोरेटर उतरवायचा तर स्क्रू निघाले पाहिजेत. पुतण्या स्टारचा स्क्रूड्रायव्हर घेऊन सरसावला. मेस्त्रीनं त्याचा हात धरला. "हो ठिपको दिसता मा?" खरंच, स्क्रूच्या डोक्यावर चार खाचांच्या बाजूला सुईच्या टोकाएवढा एक ठिपका होता. जपानी स्क्रू दिसतात नेहमीच्या स्टारसारखेच, पण त्यांच्या खाचेचा कोन वेगळा असतो, आणि हा ठिपका ही त्याची खूण. आपला नेहमीचा ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही. जोर लावला की वर निसटतो आणि खाच सोलून निघते. आपल्याकडे कित्येक जपानी मोटरसायकलींचे आणि मशीनांचे स्क्रू 'हलक्या मालाचे' म्हणून बदनाम आहेत, ते या ठिपक्याकडे कुणी न पाहिल्यामुळे. मेस्त्रीच्या पिशवीत टोक घासून जमवलेला एक ड्रायव्हर होता, मूठ तुटलेली, कापडानं गुंडाळलेली. स्क्रू निमूट निघाले.

बोल्टांनी मात्र हिसका दाखवला. मशीनचं अंग अॅल्युमिनियमचं आणि बोल्ट स्टीलचे. खाऱ्या पाण्यात दोन वेगवेगळे धातू एकत्र नांदले की त्यांच्यात बारीकसा विजेचा प्रवाह सुरू होतो आणि त्यातला एक झिजत जातो. कोण झिजणार हे आधीच ठरलेलं असतं. म्हणून खाली पाण्यात जस्ताचा एक तुकडा मुद्दाम लावतात, म्हणजे झिजायचं ते तो झिजतो आणि बाकीचे वाचतात. हे मी पडवीत समजावून सांगत असताना आमच्या हिनं आतून, "प्रत्येक घरात एक असतो," असं म्हटल्याचं ऐकू आलं. आवाजाचा रोख कुणाकडे होता ते मी तपासलं नाही.

अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसली होती. त्यावर मेस्त्रीची पद्धत अशी. गरम करायचं, तेल सोडायचं, थंड होऊ द्यायचं, शिवी द्यायची, आणि मगच पाना लावायचा. क्रम बदलायचा नाही. शिवी आधी दिली तर बोल्ट तुटतो. गुरुजींनी शिवीऐवजी नुसता जोर लावून पाहण्याची सूचना केली, तेव्हा मेस्त्रीनं, "मगे तुमीच काढा," म्हणून पाना त्यांच्या हातात दिला. गुरुजींनी चष्मा पुसला आणि पाना परत केला.

कार्बोरेटरच्या तळाची वाटी उघडली आणि पडवीत विजयाची लाट पसरली. कचरा! हिरवट चिकट डिंक, पांढरी भुकटी आणि तळाला पाण्याचा एक थेंब. मंडळी एकमेकांकडे बघून माना हलवू लागली. कुणीतरी रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ओरडून कळवलं. मला त्यांचा आनंद हिरावून घ्यायचा नव्हता, पण तो डिंक म्हणजे साठलेल्या पेट्रोलची साय होती. पावसाळ्याआधी नळी काढून मशीन तसंच चालू ठेवायचं आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपवून ते आपोआप बंद पडू द्यायचं, ही रीत आहे. मागच्या मालकानं ती पाळली नव्हती. घाईत असेल, फोर-स्ट्रोक आलं होतं.

पाण्याच्या थेंबाची कुळकथा मात्र घाटावर जाते. हल्ली पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. ते येतं धान्यातून आणि उसातून. कोल्हापूर-सांगलीकडची मंडळी डिसेंबरात मासे खायला आमच्याकडे येतात, त्यांचा ऊस टाकीतून बारा महिने येतो. घाटावर कोरड्या हवेत या इथेनॉलचं काही वाटत नसेल. पण त्याला पाण्याची हाव भारी, आणि आमच्याकडे जुलैत पापडसुद्धा दहा मिनिटांत मऊ पडतो. टाकीतल्या हवेतला ओलावा ते शोषून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की पेट्रोलशी फारकत घेऊन, पाणी आणि आपण असे दोघंच तळाशी जाऊन बसतं. मशीनला पेट्रोल पुरवणारी नळी कुठून ओढते? तळातून. शिवाय जुन्या जपानी मशीनमधलं रबर हे पेय पिण्यासाठी घडवलेलं नव्हतं, ते फुगतं. म्हणून मेस्त्रीचा आता नियम आहे की डबकीत जास्त दिवसांचं पेट्रोल ठेवायचं नाही, आणि त्यात तेल घालताना हात सैल सोडायचा नाही. लिटरला 20 मिलि, तेही पाण्यावरच्या मशीनचं, डब्यावर टीसी-डब्ल्यू3 लिहिलेलं. गावात मात्र तेल 'अंदाजानं' घालतात. अंदाज कमी पडला तर पिस्टन धरतो, जास्त झाला तर खाडीवर असा निळा धूर की पाहुणे त्याचेही फोटो काढतात.

पेट्रोल यायची कार्बोरेटरमधली बारीक भोकं म्हणजे जेट. ते तारेनं नाही, फुंकरीनं आणि पेट्रोलनं साफ करायचे. पितळेचं भोक तारेनं खरवडलं की मोठं होतं आणि मग जन्मभर पेट्रोल जास्त. हे सांगताना मेस्त्री प्रथमच गंभीर झालेला मी पाहिला. कार्बोरेटरचा गळा मधे अरुंद असतो. तिथून हवा वेगानं जाते, तिचा दाब उतरतो, आणि जेटमधलं पेट्रोल आपसूक वर खेचलं जातं. अरुंद जागेत असं होतं हे इटलीच्या ज्या व्हेन्टुरींनी दाखवून दिलं, ते 1822 साली वारले. मोटार त्यांनी पाहिली नाही. धर्मगुरूही होते ते. आमच्या मेस्त्रीच्या तोंडची भाषा त्यांनी ऐकली नाही हे एका परीनं बरं.

थ्रॉटलची खरी गंमत मला या उत्खननात कळली. इतके दिवस मी समजत होतो, मूठ पिळली की पेट्रोल वाढतं, संपलं. तसं नाही. मूठ वायर ओढते, वायर इंजिनाच्या डोक्यावरच्या फिरत्या चाकाखालची तबकडी फिरवते, त्यानं प्लगची ठिणगी जरा लवकर पडू लागते. त्याच तबकडीच्या कडेला एक वाकडा पत्रा असतो. तो पुढे सरकत कार्बोरेटरच्या छोट्या रोलरला ढकलतो, आणि रोलर हवेची चकती उघडतो. आधी ठिणगी, मग हवा, मग रेस. पत्र्यावर एक रेघ कोरलेली असते. ती रोलरच्या मधोमध येईल त्या क्षणी चकती हलायला लागली पाहिजे. तंगूसवाल्यानं ही रेघ पाहिली नसावी, किंवा पाहून ती ओरखडा समजला असावा. माझ्या मशीनमध्ये ठिणगी निघून जायची आणि हवा मागून धापा टाकत यायची. म्हणून ती सुस्ती, आणि म्हणूनच तो माज.

वायर हवी होती. कंपनीची मागवायची तर ती चतुर्थीनंतर येणार होती, कुठल्या वर्षीच्या चतुर्थीनंतर हे दुकानदारानं सांगितलं नाही. मी मालवणच्या बाजारात मोटरसायकलच्या सामानाच्या दुकानात गेलो.

"क्लच वायर द्या."

"गाडी खयची?"

"गाडी नाही, होडी."

त्यानं माझ्याकडे वरून खाली पाहिलं. "होडयेक क्लच?"

"क्लच नाही, रेसला लावायचीय."

"मगे रेसची न्या."

"ती बारीक पडते."

"मॉडेल सांगा."

मी खिशातून जुनी वायर काढली. गंजलेली, टोकाला तंगूसची गाठ. दुकानात बसलेल्या तिघांनी ती हातोहात पाहिली. एकानं गाठीचं कौतुक केलं. दुसरा म्हणाला, "कचरो इलो असतलो." शेवटी दुकानदारानं वायर वितेनं मोजली आणि आतून प्लास्टिकचं अस्तर असलेली एक काढून दिली. अशा अस्तराच्या वायरीत गंज लवकर धरत नाही. मेस्त्रीनं ती कापली, टोकाला शिशाचा डाग देऊन मणी बसवला, स्प्रिंग खरीखुरी घातली, रेघ आणि रोलर जमवले. मूठ पिळली की चकती उघडते, सोडली की 'टप्' करून मिटते. त्या 'टप्'चा आवाज ऐकायला मंडळींनी आळीपाळीनं मूठ पिळली. आजोबांनीही पिळली, आणि वल्ह्याचा विषय त्या दिवसापुरता काढला नाही.

एम-सील फोडायला मात्र छिन्नी लागली. दांडी सुटली, तेलपाणी झालं, भोकात रबराची नवी चकती बसली, चोक लोण्यातून फिरावा तसा फिरू लागला. राहिलं बटण. जुनं प्लास्टिकचं, उन्हानं तडकून दोन तुकडे. मेस्त्रीनं दांडीच्या टोकाचे आटे पाहिले, पडवीतून स्वयंपाकघरात नजर टाकली आणि विचारलं, "ती टोपी कसली?" ती टोपी मोदकपात्राच्या झाकणाची होती. काळी, बेकलाइटची, बोटांत नीट बसणारी, उष्णतेला न घाबरणारी. आटे असे जुळले की पत्रिकासुद्धा जुळत नाहीत. आमची ही तेव्हा कुडाळला बहिणीकडे गेली होती. मी मेस्त्रीला अडवलं नाही. अडवणं तांत्रिकदृष्ट्या चुकीचं ठरलं असतं.

अंगणात निळं पिंप आणलं, पंख्याच्या वरपर्यंत पाणी भरलं, मशीन त्यात उभं केलं. आउटबोर्ड कोरडं चालवायचं नसतं. आतल्या पाण्याच्या पंपाची रबरी पाती मिनिटभरातही जळू शकतात. फुगा दाबला, मोदकाचं बटण ओढलं, मेस्त्रीनं दोरी खेचली. मशीन खोकलं. बटण आत. पुन्हा खेचली. धरलं! निळ्या धुराचा लोट पडवीत शिरला, कोंबड्या माडाच्या मुळाशी गेल्या, आणि साऱ्या मंडळींचे डोळे मशीनच्या कमरेखालच्या एका छोट्या भोकाकडे लागले. तिथून पाण्याची बारीक धार आली पाहिजे. ती आली की आतला पंप चालतोय आणि इंजिन थंड राहतंय. या धारेला आमच्याकडे जे क्रियापद लावतात ते बायाबापड्यांसमोरही बिनधास्त लावतात.

"मुतता मा?" रस्त्यावरून कुणीतरी विचारलं.

"मुतता!" पडवीनं एका सुरात उत्तर दिलं.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला आणि मग मशीन खाडीत उतरवलं. आता त्याला मधला वेग आहे. मूठ अर्धी पिळली तर होडी अर्ध्याच तोऱ्यात जाते, पाहुण्यांच्या टोप्या डोक्यावर राहतात. वल्ही मी होडीतच ठेवतो, बेसबाई काही म्हणोत. कुणी विचारलं तर सगळं श्रेय कचरा काढण्याला दिलं जातं आणि मीही आता वाद घालत नाही.

अडचण एकच आहे. चतुर्थी तोंडावर आली. आमची ही कुडाळहून परतली, मोदकपात्र वरून काढलं आणि झाकण हातात धरून थेट जेटीवर आली. भर माणसांत. मोदकपात्राचं झाकण चिमट्यानं उचलावं, ही माझी सूचना तिनं ज्या नजरेनं ऐकली ती मी इथे वर्णन करणार नाही. गणपती यायच्या आत टोपी स्वयंपाकघरात परत गेली पाहिजे, असा निर्णय झाला आहे आणि त्यावर अपील नाही. मेस्त्री म्हणतो, दुसरं बटण "उद्या आणतंय."

म्हणून वाचकांना विनंती. आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावर, पडवीत किंवा मेस्त्रीच्या डब्यात आठ हॉर्सपॉवरच्या जुन्या जपानी टू-स्ट्रोक मशीनचं चोकचं बटण पडलं असेल, तर कृपया संपादकांच्या पत्त्यावर पाठवावं. टपालखर्च मी देईन. रंग कोणताही चालेल, थोडं तडकलेलंही चालेल. एम-सील लावलेलं मात्र नको.